गटातलं प्रत्येक मूल कामाला कसं लागेल?

वर्गात गट पाडायला दोन मिनिटं पुरतात. पण गटातल्या सगळ्या मुलांचं डोकं चालू राहावं यासाठी शिक्षकाला आधी बरंच काही ठरवावं लागतं, आणि प्रशिक्षणात अनेकदा नेमकं तेच सांगायचं राहून जातं. मग काय होतं, ते जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं आहे. सहा मुलं गोल करून बसतात. गटप्रमुख ठरतो, मोठा कागद आणि स्केचपेनं मिळतात. लगेच एक मुलगी लिहायला लागते, तिच्या शेजारचा मुलगा शब्द सुचवतो, दोघं जण रंगवायचं काम मागून घेतात आणि उरलेले दोघं बाजूच्या गटाकडे बघत बसतात. तास संपताना कागद छान भरलेला असतो. पण त्यातलं किती कोणाच्या डोक्यात गेलं, हे त्या कागदावरून कळत नाही.

हा दोष मुलांचा नाही. मोठी माणसंही अशीच वागतात. माक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजमापं घेतली होती. ती १९१३ साली प्रसिद्ध झाली. एकटा माणूस जितक्या जोराने ओढतो, तितक्या जोराने तो आठ जणांत ओढत नाही. गट जितका मोठा, तितका दरडोई जोर कमी. एक कारण साधं आहे: सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण १९७४ साली अमेरिकेत एक युक्ती केली गेली. माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं सांगितलं. प्रत्यक्षात मागे कोणीच ओढत नव्हतं, तरी त्यांचा जोर कमी झाला. आपण किती ओढलं हे कोणाला दिसणार नसेल, तर हात आपोआप सैल पडतो.

गटकार्याचा सगळा अभ्यास या सैल पडलेल्या हाताभोवती फिरतो. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लाव्हिन यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. त्यांच्या मांडणीत फरक आहेत, पण दोन गोष्टी सगळीकडे येतात. पहिली, काम असं हवं की एकट्याला ते पुरं करताच येणार नाही; दुसऱ्याकडे असलेलं काहीतरी मिळाल्याशिवाय अडेल. दुसरी, शेवटी प्रत्येक मुलाला स्वतःचं स्वतः दाखवावं लागेल की मला कळलं. पहिली अट नसेल तर हुशार मूल एकटंच सगळं उरकून टाकतं. दुसरी नसेल तर बाकीची निवांत बसतात. कोणताही नवा उपक्रम प्रशिक्षणात दाखवला गेला की मी त्याला या दोन अटी लावून बघतो. गाणी, टाळ्या, टोप्या, रंगीत कार्डं यांनी वर्ग हसता होतो, आणि तेही हवंच. पण या दोन अटी पाळल्या गेल्या नाहीत तर शिकणं मात्र पूर्वी होतं तिथेच राहतं.

या दोन्ही अटी ज्या उपक्रमाच्या रचनेतच बसवलेल्या आहेत त्याचं नाव जिगसॉ, म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरं करायचं कोडं. तो कसा जन्मला, हे कळलं की तो का चालतो तेही कळतं.

१९७१ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात बसायला लागली होती. तोवर त्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या आणि शाळाही. मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथल्या विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांना मदतीला बोलावलं गेलं. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गात बसून निरीक्षण केलं. शिक्षक प्रश्न विचारतात, पाच-सहा हात वर होतात, एकाला संधी मिळते. त्याचं उत्तर चुकलं की बाकीच्यांना आनंद होतो, कारण त्यांची पाळी येणार असते. एकाचं नुकसान हाच दुसऱ्याचा फायदा. अशा वर्गात आधीच लांब असलेली मुलं जवळ येणार कशी?

ॲरनसन यांनी धड्याचेच तुकडे केले. पाच-सहा मुलांचा गट, प्रत्येकाच्या हातात धड्याचा एकच भाग, आणि परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. आता शेजाऱ्याचं नीट ऐकून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी एका मुलाची हकीकत लिहून ठेवली आहे. घरी स्पॅनिश बोलणारं मूल, इंग्रजीत अडखळायचं, म्हणून वर्गात तोंड उघडत नसे. गटात त्याची पाळी आली तेव्हा इतर मुलं चिडवायला लागली. तिथे असलेल्या साहाय्यकाने एवढंच लक्षात आणून दिलं की त्याच्याकडचा भाग तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही आणि थोड्या वेळात परीक्षा आहे. हळूहळू मुलं त्याला छोटे, नेमके प्रश्न विचारायला लागली. प्रश्न नेमके झाले तशी त्याची उत्तरंही नीट यायला लागली. नंदुरबारला पावरी, मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलत शाळेत येणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांना हे मूल अजिबात परकं वाटणार नाही.

आता हा उपक्रम आपल्या वर्गात बसवून बघू. एक प्रश्न घेऊ: महाबळेश्वर आणि माण तालुक्यातलं दहिवडी, दोन्ही सातारा जिल्ह्यातच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीला ५०० च्या आसपास. असं का?

फळ्यावर खडूने आकृती काढून शिक्षक हे दहा मिनिटांत सांगू शकतात, आणि परीक्षेत मुलं 'पर्जन्यछायेचा प्रदेश' असं लिहून मोकळी होतात. जिगसॉमध्ये याच उत्तराच्या पाच चिठ्ठ्या करायच्या. पहिली, जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यांची: ते अरबी समुद्रावरून बाष्प कसं आणतात. दुसरी सह्याद्रीची: तो किनाऱ्याला समांतर उभा आहे, त्यामुळे वाऱ्याला वर चढावं लागतं. तिसरी, वर जाणारी हवा थंड होते आणि बाष्पाचे ढग होतात, याची. चौथी, पलीकडे उतरणाऱ्या हवेची. पाचवीत महाबळेश्वर, सातारा आणि दहिवडी यांच्या पावसाचे आकडे. त्यांचा मुलांनी स्तंभालेख काढायचा.

चिठ्ठी कशी लिहावी याचा नमुना म्हणून चौथी पूर्ण देतो: 'डोंगर ओलांडून हवा खाली उतरते तेव्हा तिच्यावरचा दाब वाढतो आणि ती तापते. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून ढग विरायला लागतात. विचार करा: ओले कपडे कोणत्या दिवशी लवकर वाळतात? का?' तीन-चार वाक्यं आणि घरच्या अनुभवाला हात घालणारा एक प्रश्न, बस. पाठ्यपुस्तकातला अख्खा परिच्छेद दिला तर मुलं तो वाचून दाखवतात, समजावून देत नाहीत.

वर्गात ३० मुलं आहेत असं धरू. पाच-पाच जणांचे सहा मूळ गट. प्रत्येक गटात पाच चिठ्ठ्या, एकेकाला एक. मग सगळ्या 'पहिल्या' चिठ्ठीवाल्यांनी एका कोपऱ्यात जमायचं, 'दुसऱ्या'वाल्यांनी दुसऱ्या. हे झाले तज्ज्ञ गट, सहा-सहा जणांचे. तिथे चिठ्ठी वाचायची, एकमेकांना विचारायचं, आणि 'आपल्या गटात परत गेल्यावर हे कसं सांगायचं' ते ठरवायचं. याला दहा-बारा मिनिटं. मग मूळ गटात परत. प्रत्येकाला तीन मिनिटं, चिठ्ठी उलटी ठेवून, स्वतःच्या शब्दांत. त्यानंतर गटाने मिळून महाबळेश्वर-दहिवडीच्या प्रश्नाचं उत्तर बांधायचं. आणि सगळ्यात शेवटी, कोणाशी न बोलता, प्रत्येकाने वहीत चार-पाच ओळी लिहायच्या. हे लिहिणं कधीही गाळू नये. वेळ कमी पडला की आधी तेच सुटतं, आणि ते सुटलं की दुसरी अट गेली. जोडतास मिळाला तर उत्तम. नाही तर तज्ज्ञ गट आज, मूळ गट उद्या.

पट ३० चा नसेल तर? ३४ मुलं असतील तर चार गटांत एकेका चिठ्ठीवर दोघं बसवायची. ज्या मुलाला वाचायला जड जातं, त्याच्याबरोबर जोडीदार द्यायची ही चांगली सोय आहे. कोणी गैरहजर राहिलं तर त्याची चिठ्ठी गटातलं दुसरं मूल घेतं आणि त्या तज्ज्ञ गटातही तेच जातं.

या सगळ्या वेळात शिक्षकाने कुठे उभं राहायचं? तज्ज्ञ गटांजवळ. पूर्ण तासातला हा सगळ्यात महत्त्वाचा काळ. तज्ज्ञ गटात एक चूक राहिली तर ती मूळ गटांत, म्हणजे अख्ख्या वर्गात पोचते. या धड्यात ती चूक कुठे होईल हेही आधी सांगता येतं: दुसऱ्या चिठ्ठीवर. 'डोंगर ढगांना अडवतो म्हणून पाऊस पडतो,' असं मुलं हमखास म्हणतात. आपण मोठेही म्हणतो. पण भिंतीला आदळून ढग फुटत नाहीत. डोंगरामुळे हवा वर चढते, चढताना थंड होते आणि थंड झाल्यामुळे पाऊस पडतो. हे दुसऱ्या गटातच पकडायचं, आणि तेही उत्तर न सांगता. 'हवा डोंगरापाशी थांबते का? मग जाते कुठे?' एवढे दोन प्रश्न पुरतात. टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या नोंदीत, उपक्रमाचं नाव लिहिण्यापेक्षा हे दोन प्रश्न लिहून ठेवले तर वर्गात जास्त उपयोगी पडतात.

जिगसॉ सगळीकडे लावू नये. भागाकाराची रीत तुकड्यांत वाटता येत नाही. प्रत्येक पायरी प्रत्येकाच्याच हाताखालून जायला हवी. जिथे भाग सुटे कळतात आणि एकत्र केल्यावर नवं काही उमगतं, तिथेच तो शोभतो.

रचना अशी पक्की बसवली तरी एक अडचण उरते, आणि मला ती सगळ्यात गंभीर वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी गटांमधलं बोलणं बारकाईने तपासलं. वर्गात कोण हुशार, कोण 'ढ' याची एक उतरंड मुलांच्या मनात आधीच तयार असते. वरची मुलं गटात जास्त बोलतात, खालची कमी. आणि जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो. म्हणजे बेतलेल्या गटकार्यानेही दरी वाढू शकते. आपल्याकडे त्या उतरंडीत जात, पालकांचं काम, घरची बोली, अंगावरचे कपडे हे सगळं मिसळलेलं असतं. ते नाकारून गटकार्य करता येत नाही.

कोहेन यांचा एक उपाय वर्गात लगेच करता येतो. खाली ढकलल्या गेलेल्या मुलाने कामाला खरोखर पुढे नेणारं काही केलं, की शिक्षकाने ते सगळ्यांसमोर, नेमकं काय केलं ते सांगून दाखवून द्यायचं. नुसतं 'शाब्बास' नाही. आपल्याच धड्यात बघा. धनगरांची अनेक कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाळ्यात घाटापलीकडच्या कोरड्या माळावर परत येतात. अशा घरातल्या मुलाला ही पर्जन्यछाया पायाखालची माहीत असते. पावसाळ्यात कोकणात मेंढरांचे हाल का होतात, हे तो गटाला सांगू लागला तर शिक्षकाने तिथे थांबून म्हणावं, 'पाचव्या चिठ्ठीवर फक्त आकडे आहेत. ते आकडे जमिनीवर कसे दिसतात ते हा सांगतोय, लिहून घ्या.' हे कौतुक खरं असलं पाहिजे. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं, आणि ज्याचं केलं त्यालाही ते झोंबतं.

पण एका वर्गात ६०-७० मुलं आहेत आणि बाक हलवायला जागा नाही, तिथे? तिथे जोडीने काम चालतं. बाक जागचे हलवावे लागत नाहीत.

सगळ्यात साधा उपक्रम फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडला. प्रश्न विचारायचा. आधी प्रत्येकाने गप्प राहून विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गाला सांगायचं. यातली गप्प राहण्याची पायरी फुकट वाटते, म्हणून शिक्षक ती गाळतात. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून तेवढं थांबून बघा, किती लांब वाटतात ते कळेल. मनात सावकाश पाचपर्यंत मोजावं आणि तोवर कोणाचाही हात वर घेऊ नये.

दुसरा उपक्रम हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरला. तो मराठी शाळेतल्या गणिताच्या तासाला फार छान बसतो. फळ्यावर लिहा: ०.४५ आणि ०.५. मोठी संख्या कोणती? पहिली मोठी वाटत असेल तर एक बोट, दुसरी मोठी तर दोन, सारख्या असतील तर तीन. बोटं छातीजवळ धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही. शिक्षकाला समोरून सगळं दिसतं. बरीच बोटं एकवर येतील, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. इथे उत्तर सांगायचं नाही. 'ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे त्याला शोधा आणि पटवून द्या.' दोन मिनिटं कलकलाट होतो. मग पुन्हा बोटं. कोणीतरी शेजाऱ्याला सांगितलेलं असतं की पन्नास पैसे म्हणजे ०.५० रुपये, आणि पंचेचाळीस पैसे त्याहून कमी. नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं, म्हणून त्याचं समजावणं पुष्कळदा शिक्षकापेक्षा नेमकं लागतं. फक्त पहिल्या वेळी वर्गाचा तिसरा हिस्सादेखील बरोबर नसेल तर चर्चा करू नये, चुकीचंच पसरेल. पुन्हा शिकवावं. आणि जवळजवळ सगळे बरोबर असतील तर पुढे जावं.

आता शिक्षकांनी हे शिकायचं कसं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हणतं. प्रश्न तासांच्या आकड्याचा नाही, ते तास कसे जातात याचा आहे. नेहमीची वाट आपल्याला माहीत आहे: राज्यस्तरावर सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, तिथून केंद्रावर. प्रत्येक पायरीवर काय करायचं हे पोचतं, पण का करायचं आणि बिघडलं तर काय, हे गळत जातं. शेवटच्या शिक्षकाच्या हाती पीपीटी येते. गटकार्यावरचं प्रशिक्षण भाषणातून दिलं जातं, ही विसंगती शिक्षकांना बोचते, आणि ती बोचायलाच हवी.

त्याऐवजी प्रशिक्षणात शिक्षकांनी आधी विद्यार्थी व्हावं. वरच्या पाच चिठ्ठ्या घ्याव्यात, तज्ज्ञ गटात जावं, परत यावं, चिठ्ठी उलटी ठेवून सहकाऱ्यांना सांगावं. तिसऱ्या मिनिटाला शब्द सापडेनासे होतात तेव्हा मुलाला काय वाटतं ते कळतं. मग स्वतःच्या इयत्तेच्या पुढच्या महिन्यातल्या एका पाठाच्या चिठ्ठ्या तिथेच बसून बनवाव्यात आणि एकमेकांकडून तपासून घ्याव्यात. उपक्रमांची पन्नास नावं लिहून नेण्यापेक्षा एका पाठाचा एक पक्का संच घेऊन परतणं कितीतरी मोलाचं. ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं: ऐकलेलं आणि पाहिलेलं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही, सराव, त्यावर कोणीतरी दिलेलं मत आणि परत गेल्यावर सोबत करणारा सहकारी, एवढं मिळालं की पोचतं.

अशा सोबतीची जपानी शाळांमध्ये जुनी पद्धत आहे, जुग्यो केंक्यू, म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ बेततात. एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसतात आणि शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघतात. नंतरची चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर नाही. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक, यासाठी तयारच आहे. यजमान शाळेतला एक तास तिथे खरोखर घेतला, तर उरलेल्या दिवसाला विषय मिळतो. बघणाऱ्याने एकच गट निवडावा आणि कागदावर पाच मुलांची नावं लिहून प्रत्येक बोलण्याला एक रेघ ओढावी. दहा मिनिटांनी त्या रेघाच बोलतात.

द्विशिक्षकी शाळेत एवढी माणसं नसतात, आणि दुसऱ्या शिक्षकाला स्वतःच्या दोन-तीन इयत्ता सोडून येता येत नाही. तिथे मोबाईल एका गटाच्या मधोमध ठेवून पाच मिनिटांचा आवाज टिपून घ्यावा, मुलांना तसं सांगून. संध्याकाळी ऐकावा, पाचांपैकी कोणाचा आवाज आलाच नाही ते नोंदवावं आणि मग तो पुसून टाकावा. पुढच्या पाठाच्या चिठ्ठ्या लिहिताना एक चिठ्ठी त्या मुलाला घरून, शेतावरून, बाजारातून जे माहीत आहे त्यावर बेतून लिहावी.